सत्यभामेचा व्हिसा आणि बिलकिस मॅडमचं जेवण

अल मुंतझा, दोहा
शुक्रवार, दुपार

ती. स्व. राजश्रीआक्का हिला धाकट्या केरबाचा वाकून नमस्कार. दाजींनाही नमस्कार, पण तो अर्धाच वाकून, कारण परवा हॉटेलात लग्नाच्या पार्टीची गोल टेबलं ढकलताना माझी कंबर धरली. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की लावलं म्हणून नुसतं सांगतेस? दाजींची साखर उतरली असेल असं मी धरून चालतो. उतरली नसेल तर ते माझ्या खजुरांवर ढकलतील, म्हणून आधीच सांगतो, खजूर मी तुझ्यासाठी आणले होते. ते कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायचे असं आपलं ठरलं होतं. दाजींचा हात तिथवर पोचतो हे मला वेळेवर आठवलं नाही, एवढाच माझा गुन्हा.

आता तू म्हणशील, हातात एवढा फोन असताना ह्यानं कागद कशाला काळा केला. तर आक्का, तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि तुझ्या ओसरीवर संध्याकाळी निम्मी गल्ली बसलेली असते. सत्यभामाही असते. काही गोष्टी कागदावरच बऱ्या. बाबू सुट्टीवर निघालाय, त्याच्या बॅगेत हे पत्र घालून देतोय. (बाबू म्हणजे माझ्या खोलीतला, नेसरीचा. दोहा ते मेसईद कामगारांची बस चालवतो. जगातली कुठलीही गोष्ट त्याला माहीत असते, फक्त ती खरी असेलच असं नाही.) पत्र त्याच्यासमोर उघडू नकोस. तो न विचारता समजावून सांगायला लागेल.

तर आता नीट बस. चहा बाजूला ठेव, नाहीतर सांडशील. सत्यभामेचा व्हिसा झाला! (तिनं सांगितलं असेल, तरी माझ्याकडून पुन्हा ऐक.) होय, माझ्या बायकोचा, आपल्या सत्यभामेचा, गडहिंग्लज स्टँडसमोरच्या खानावळवालीचा. आणि तो नवऱ्याची बायको म्हणून नव्हे. तिच्या स्वतःच्या कामाचा, तिच्या नावाचा, पदासकट. आता हे दाजींना जरा मोठ्यानं वाचून दाखव. तुझ्या नीताच्या लग्नात भर मांडवात ते म्हणाले होते ना, की केरबा तिकडं काय करतोय, तर रुमालाच्या घड्या घालतोय? सांग त्यांना, त्याच घड्या घालणाऱ्यानं मार्ग शोधला. डोकं माझं, पाय माझे, ओळख माझी. (थोडं तोंड सत्यभामेचं. ते पुढं येईलच.)

तुला आमची अडचण माहीत आहे. माझा पगार असा आहे की एकट्याचं बरं चालतं आणि बायकोला आणायच्या नियमात बसत नाही. लग्न झालं, सोनम झाली, सोनम आता नर्सिंगला कोल्हापूरच्या हॉस्टेलात गेली, आणि ह्या सगळ्यात मी पाहुणा. दर शुक्रवारी ती तिकडं ताट घेते, मी इकडं ताट घेतो, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवतो आणि आम्ही जोडीनं जेवतो. ती ‘भात घ्या’ म्हणते आणि मी खरंच घेतो. मध्यंतरी एकदा असंच जेवताना नेट गेलं, आणि भाकरी मोडता मोडता पडद्यावर तिचा हात तसाच थांबला. आक्का, मला इतकं वाईट वाटलं की मी बाबूसमोर रडलो. बाबू भला माणूस, त्यानं बाकीच्यांना आमटी तिखट झालीय म्हणून सांगितलं. त्या दिवशी मी ठरवलं, आता बास झालं. हॉटेलवाल्याच्या हॉटेलवाल्या बायकोला परदेशात काम मिळायचा काहीतरी सरळ रस्ता असणारच, आणि असेल तर तो मी हुडकणार.

पहिला रस्ता आमच्याच गल्लीत निघाला. अल मुंतझात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर काचेच्या दाराचं ऑफिस होतं, आत फिरत्या खुर्च्या, आणि त्यातल्या एकीवर भैरवी मॅडम. मॅडमचं म्हणणं असं की कतार विसरा, हॉटेलात काम करणाऱ्या जोडप्यांना युरोपातल्या एका बर्फाळ देशात हात जोडून बोलावतायत. डोंगरावरचं हॉटेल, दोघांना एक खोली, खिडकीतून बर्फ. मी हरखलो. सत्यभामेला फोटो पाठवला तर ती म्हणाली, ‘तिथं कपडे वाळतात कधी?’ मी म्हटलं, हिला स्वप्न बघायची अक्कलच नाही. मॅडमनी आम्हा दोघांचे ॲप्रन घातलेले, हसरे फोटो आणि त्यासोबत फी मागितली. माझा झाला. सत्यभामेनं हसरा फोटो काढायला साफ नकार दिला, म्हणाली पासपोर्टवर गंभीर आहे आणि ॲप्रनमध्ये दात काढतेय, लोक काय म्हणतील. ह्या वादात आठवडा गेला आणि तोच आमच्या पथ्यावर पडला. कारण फोटो घेऊन मी वर गेलो तर काचेचं दार तेच, फिरत्या खुर्च्या त्याच, पण आत केस कापायचं दुकान. भैरवी मॅडमचा पत्ता कुणालाच नाही. न्हाव्यानं खुर्ची फिरवून मला बसवलं, आणि आता आलोच आहे म्हणून मी कटिंग करून घेतली. (बरी केली. मागं जरा जास्त घेतलं.)

मग बाबूनं सूत्रं हातात घेतली. त्याच्याकडं रस्त्यांची काही कमी नव्हती. एक म्हणे, वहिनींना पाहुणी म्हणून आण, आत आल्यावर काम बघू. दुसरा, कुणाच्यातरी घरकामाच्या व्हिसावर आण, तो लवकर होतो, मग बदलू. आक्का, मी भोळा असेन पण इतकाही नाही. पाहुणी म्हणून येऊन भांड्याला हात लावला की तो गुन्हा, आणि एका कामाचं सांगून दुसरं करायचं म्हणजे रोज पोलिसाची टोपी दिसली की छातीत धडधड. मी बाबूला सांगितलं, माझी बायको चोरवाटेनं येणार नाही. येईल तर छापील कागदावर, कामाचं खरं नाव लावून, समोरच्या दारानं येईल. बाबू म्हणाला, मग इन्शाल्ला तुझ्या नातवंडांच्या लग्नाला येईल. त्यावर आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. आमटी मात्र तोच करत होता, त्यामुळं मला फार ताणता आलं नाही.

आणि मग देवानं उम्म सलाल मोहम्मदचा रस्ता दाखवला. हे दोह्याच्या उत्तरेला, शेतं-बागांचं गाव. तिथल्या अबू नासर नावाच्या म्हाताऱ्या कतारी गृहस्थांच्या मळ्यावर मोठं जेवण होतं आणि आमच्या हॉटेलनं आम्हा वाढप्यांना तिकडं पाठवलं होतं. आता आमच्या हॉटेलाचा नियम तुला सांगतो, कारण सगळं रामायण त्यावर आहे. पाहुण्याला एकदाच विचारायचं. त्यानं ‘नको’ म्हटलं की हसून एक पाऊल मागं. पुन्हा विचारलंत तर तो पाहुण्याला त्रास. माझ्या अंगात हे इतकं मुरलंय की मागच्या सुट्टीत आलो तेव्हा तूच चिडली होतीस, आठवतंय? चुलत्यांकडच्या बारशाला मी पंगतीत जिलेबी वाढत फिरलो, लोक रीतीप्रमाणं ‘नको नको’ म्हणाले, मी हसून पुढं गेलो, आणि घमेलं भरलेलं तसंच परत आणलं. अख्खी पंगत अर्धपोटी उठली. कुणीतरी म्हणालंही, केरबा परदेशात जाऊन चिक्कू झाला.

तर त्या मळ्यावर पाहुणे गेल्यावर अबू नासर आम्हा वाढप्यांकडं आले. (हिंदी बोलतात, आपल्या गडहिंग्लजच्या हिंदीपेक्षा बरी.) म्हणाले, बसा, तुम्ही जेवा. मी आपल्या सवयीनं म्हटलं, नको. आपल्यात पहिले दोन ‘नको’ कुणी धरतं का? पण इकडं धरतात, म्हणून मी उपाशी राहायची तयारी केली. तर म्हाताऱ्यानं पुन्हा म्हटलं, बस. मी म्हटलं, नको. त्यांनी दंड धरून मला खाली बसवलं आणि आपल्या हातानं भातावर मटणाचा तुकडा ठेवला. आक्का, मी मनात म्हटलं, अरे, हा तर आपल्यातलाच! जेवता जेवता ते तक्रार करत होते. मळ्यावर लोकांना राहायला-जेवायला जागा काढलीय, बायकांच्या पंगतीसाठी वेगळा मोठा दिवाणखाना आहे, तिथं वाढायला बाईच लागते. पण हॉटेलात शिकलेल्या ज्या कुणी येतात त्या एकदा विचारतात आणि भिंतीला चिकटून हसत उभ्या राहतात. माझ्या घरून बायका उपाशी जातात, ही माझी बेअब्रू आहे, असं म्हणताना म्हाताऱ्याचा आवाज खरंच चढला होता.

इथं मी डोकं चालवलं, हे दाजींना दोनदा वाचून दाखव. तोंडातला घास तसाच ठेवून मी म्हटलं, साहेब, माझ्या बायकोची खानावळ आहे, आणि तिच्या तावडीतून आजवर एकही माणूस अर्धपोटी सुटलेला नाही. कंडक्टर गाडी सुटतेय म्हणून ओरडत असतो आणि ही ड्रायव्हरच्या ताटात भाकरी टाकत असते, गाडी जाते कुठं? म्हातारा खूश. म्हणाला, यल्ला (म्हणजे चला), आमच्या बिलकिसशी बोलायला सांग तिला. (बिलकिस मॅडम त्यांच्या मॅनेजर, भोपाळच्या. कामाला वाघ, कडेवर कायम लॅपटॉप.)

आता मुलाखत म्हटल्यावर तयारी आली, आणि तयारी घेणार कोण, तर ह्या क्षेत्रात आयुष्य घालवलेला मी. रोज फोनवरून सत्यभामेचा क्लास. पाठ ताठ. आधी नमस्कार. विचारतील तेवढंच उत्तर. आपण प्रश्न विचारायचा नाही. आणि मुख्य म्हणजे, तुला ऐकून हसू येईल, मी तिला पढवलं की पाहुण्याला एकदाच विचारायचं आणि हसून मागं सरायचं! म्हातारा ज्याच्या नावानं बोटं मोडत होता तेच मी घोटून घेत होतो. मुलाखत म्हटली की माझ्या डोक्यात हॉटेलच येतं, त्याला मी काय करू? सत्यभामा सगळं ऐकून ‘हं’ म्हणायची. तिच्या ‘हं’चा अर्थ काय, हे तुला मी सांगायला नको. नीताच्या लग्नातला नारळ तिनं असंच ‘हं’ म्हणून परस्पर बदलून आणला होता.

मुलाखतीच्या दिवशी मी माझा डबा घेऊन उम्म सलालला, बिलकिस मॅडमच्या टेबलासमोर. तिकडं घरी आलेल्या सोनमनं आईसमोर फोन धरलेला. दुपारची वेळ. मॅडमनी लॅपटॉप उघडला, घसा साफ केला आणि विचारणार एवढ्यात सत्यभामेनंच विचारलं, ‘जेवण झालं का, मॅडम?’ मॅडम गडबडल्या. खरं तर पटकन ‘हो’ म्हणायचं असतं, पण बाई सरळ, बोलून गेल्या, की अजून कुठलं, सकाळपासून कामच आहे. झालं. सत्यभामा म्हणाली, मग आधी जेवून घ्या, उपाशी पोटी कुणाचं काही पटत नाही, आणि फोन बंद! आक्का, मॅडम माझ्याकडं बघतायत, मी छताकडं बघतोय. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते सगळं माझ्या बायकोनं एका बोटानं बंद केलं. मॅडमनी पुन्हा लावला. उचलल्या उचलल्या, ‘जेवलात?’ मॅडम म्हणाल्या, नाही, पण. त्या ‘पण’वर फोन पुन्हा बंद.

मी मनात म्हटलं, गेलं. खलास. इतका संताप आला की ही समोर असती तर मी तोंडावर काहीतरी बोललो असतो. (बोललो नसतोच, पण आला खरा.) शेवटी काही सुचेना म्हणून मी माझा डबा मॅडमपुढं सरकवला. बाबूची आमटी, भात, मेथीची भाजी. म्हटलं, मॅडम, चार घास खा, नाहीतर ती आता उचलायचीही नाही. त्या आधी नको म्हणाल्या, मग झाकण उघडलं, मग वास घेतला. तिसऱ्यांदा फोन लागला तेव्हा मॅडम जेवत होत्या, आणि सत्यभामेनं सोनमला फोन जवळ धरायला लावून डब्यात डोकावून बघितलं. भात घ्या की आणखी. भाजी तशीच ठेवलीय. आमटी वर ओता, लाजू नका, ते उपाशी राहतील त्याची काळजी करू नका. (‘ते’ म्हणजे मी.) मॅडम हातानं नको म्हणतायत, ही तिकडून हजार मैलांवरून वाढतेय, आणि मॅडम खरंच घेतायत! एवढ्यात अबू नासर आत आले. त्यांनी बघितलं की आपली मॅनेजर डोळे पुसत मेथी खातेय आणि फोनमधली बाई तिला सोडायला तयार नाही. विचारलं, काय चाललंय? मॅडम म्हणाल्या, मुलाखत. आणि मग जरा थांबून म्हणाल्या, घर सोडल्यापासून मला जेवलीस का म्हणून कुणी विचारलंच नव्हतं. म्हातारा असा हसला की बाहेरचा ड्रायव्हर धावत आला. म्हणाला, खलास, मुलाखत झाली, हिचा कागद करा.

त्यानंतरचं सगळं लोण्यासारखं झालं असं म्हणणार नाही, पण झालं. अनुभवाचा दाखला हवा होता, मालकाच्या सहीचा. मालक तीच! तिनं स्वतःला उत्तम वागणुकीचा दाखला दिला आणि वर खानावळीच्या कुपनांचा शिक्का मारला. मॅडमनी तो बघून हसून हसून अर्धा तास काम केलं नाही, मग खानावळीचा परवाना मागवून रीतसर केलं. मुंबईला व्हिसा सेंटरला बोटांचे ठसे, तपासणी, करारावर सही. करार तिनं ओळ न् ओळ सोनमकडून मराठीत समजून घेतला आणि आठवड्याची सुट्टी कुठं लिहिलीय ते दाखवल्याशिवाय पेन हातात घेतलं नाही. मागच्या रांगेतले सगळे मग आपापल्या करारात सुट्टी शोधायला लागले म्हणे. ह्या कागदांतच मला कळलं की ती माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी आहे. लग्नात आत्यानं उलटं सांगितलं होतं. दाजींना हे वाचून दाखवू नकोस.

तर असा हा विजय, आक्का. परवा व्हिसाची प्रत आली, मी ती खोलीत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली. जेवणविभागाची सुपरवायझर, सत्यभामा केरबा पाटील. मधलं नाव बघितलंस ना? बाबू त्या कागदासमोर गप्प उभा राहिला, हा मला दुसरा विजय वाटतो. मी दुकानातून पेढे आणले, अख्ख्या मजल्याला वाटले, आणि ज्यानं ज्यानं ‘नको’ म्हटलं त्याच्या तोंडात कोंबले. घरात बसून हसण्यात काय सुख असतं ते मला आता आठवायला लागलंय. इथं संपवतो. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा, आणि गुडघ्याला तेल.

तुझा,
केरबा

ता. क. खानावळ आता बबीता बघणार आहे, सत्यभामेच्या हाताखाली तयार झालेली. दाजींना गल्ल्यावर बसायची हौस आली तर बसू दे. जिलेबीच्या दिवशी नको.

आणखी ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली, म्हणजे मी मुद्दाम ठेवली. मळ्यावर मागच्या बाजूला जोडप्यांसाठी दोन खोल्यांची घरं आहेत. अंगणात लिंबाचं झाड आहे. पण ती घरं दोघंही मळ्यावर नोकरीला असतील तरच मिळतात. नाहीतर ती तिकडं बायकांच्या इमारतीत, मी इकडं बाबूबरोबर, आणि आपलं पुन्हा शुक्रवारचं शुक्रवार. म्हणजे व्हिसा झाला पण काम अर्धंच झालं. मी बिलकिस मॅडमना म्हटलं, मला घ्या, रीतसर नोटीस देऊन हॉटेल सोडतो, पुरुषांच्या पंगतीला वाढीन. त्या म्हणाल्या, जागा आहे, पण जेवणविभागात कुणाला घ्यायचं ते सुपरवायझरच ठरवणार, असा अबू नासरचा हुकूम आहे.

शेवटची ता. क., आणि पत्र खरं ह्यासाठीच. येत्या गुरुवारी माझी मुलाखत आहे. सत्यभामा घेणार आहे, गडहिंग्लजहून फोनवर. माझ्याशिवाय आणखी दोघं आहेत, त्यातला एक अरबी घडाघडा बोलतो. मी तिला म्हटलं, अगं, मी तुझा नवरा. तर म्हणाली, तेच बघायचंय, तुम्ही एकदाच विचारून मागं सरता, बारशाची जिलेबी अजून लोक विसरले नाहीत. तेव्हा आक्का, तुझ्या ओसरीवर ती येईल तेव्हा सहज बोलल्यासारखं माझ्याबद्दल चार शब्द बरे बोल. मी बदललोय म्हण. हे मी सांगितलं असं म्हणू नकोस. काल मी सरावासाठी तिला म्हटलं, काहीतरी विचार. तिनं विचारलं, आधीची चांगली नोकरी का सोडताय? मी म्हटलं, बायको तिकडं आहे म्हणून. तिकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं, आणि ती म्हणाली, ‘बरं. तुम्हाला कळवण्यात येईल.’